तीन मिनिटं वीस सेकंदांचा चोर

एकतीस वर्षं मी फॅक्टरीच्या टाइम ऑफिसात काढली. गेटवरचं घड्याळ, पंचिंगचं मशीन आणि मी! कोण किती वाजता आला, कोणी कोणाचं कार्ड पंच केलं, कोणाची सायकल खरंच पंक्चर झाली आणि कोणी गेटाच्या कोपऱ्यावर येऊन स्वतःच हवा सोडली, हे मी माणसाच्या चालीवरून सांगायचो. एकदा एका वेल्डरनं आपल्या जागी जुळा भाऊ पाठवला. तोच चेहरा, तीच मिशी! मी त्याला चपलेवरून पकडला.

तेव्हा जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या घरात चोर शिरावा आणि देवीदास गजभियेच्या हातून सुटावा, हे शक्यच नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं!

चोर कसला, ते सांगतो. पण आधी आमच्या कलावतीबद्दल सांगावं लागेल.

कलावतीनं तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवली. जबलपुरात राहायचं म्हणजे दाराबाहेर हिंदी अन् दाराच्या आत मराठी. आमची मुलगी शैलजा तर मराठीत ऐकते आणि हिंदीत उत्तर देते! नागपूरची माझी बहीण लीलाबाई दर उन्हाळ्यात येते आणि दर उन्हाळ्यात म्हणते, "वहिनी, तुमची मराठी म्हणजे हिंदीलाच नऊवारी नेसवली!" सगळे हसतात. कलावतीही हसते. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आवरत बसते, जी आधीच आवरलेली असतात.

तर नागपूरला एक संस्था आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. त्यांना घरी बसून वाचणाऱ्या बाया हव्या होत्या. नमुना म्हणून अर्ध्या तासाचं वाचन पाठवायचं. कुठं तोडजोड नाही, मध्ये कसला आवाज नाही. मुदत शुक्रवार, दुपारी बारा.

कलावतीनं काय वाचायचं ठरवलं? तिच्या आईची गोष्ट! भागीरथाबाई गोंदियाहून छोट्या रुळांच्या गाडीनं एक पेटी घेऊन जबलपुरात आल्या, जन्मभर बिड्या वळल्या, अक्षर एक ओळखत नव्हत्या, आणि मुलीला मास्तरीण केलं. ही गोष्ट कलावतीनं चाळीस पानांच्या वहीत लिहून काढली होती. मला म्हणाली, "आईला कोणी कधी वाचून दाखवलं नाही. हे पास झालं ना, तर मी समजीन मला मराठी येते."

मी तिथंच जाहीर केलं, "माइकची जोडणी माझ्याकडं!"

माइक शैलजानं भोपाळहून पाठवला होता, थेट लॅपटॉपला लागणारा, यूएसबीचा. वायर एकच. ती तर कोणीही लावेल! पण मी तिथं थांबलो नाही. मी माझा ईअरफोन काढला, लॅपटॉपच्या बाजूच्या भोकात घातला आणि रेकॉर्डिंगच्या पडद्यावर 'आवाज सोबत ऐका' असं जे काही होतं, तेही चालू केलं. काहून? देखरेख! माल तयार होताना तपासायचा, की गेटाबाहेर गेल्यावर?

बुधवारी सकाळी कलावतीनं वही उघडली. मी समोर स्टुलावर, कानात ईअरफोन, हातात फॅक्टरीतून निवृत्तीला मिळालेलं स्टॉपवॉच. ती वाचून राहिली, मी ऐकून राहिलो. आणि एकाएकी कानात झालं, टक्!

"थांब!" मी ओरडलो.

"काय झालं?"

"टक् झालं."

"कुठं?"

"माझ्या कानात."

"मग कानाच्या डॉक्टरकडं जा ना! नेपियर टाउनात चार बसून राहिले. माझं वाचन काहून थांबवता?"

मी रेकॉर्डिंग मागं नेऊन ऐकवलं. टक्! तिचं तोंड बघण्यासारखं झालं. खोलीत काहीच वाजलं नव्हतं आणि रेकॉर्डिंगात वाजलं होतं.

तपास सुरू! मी आधी तिच्या बांगड्या उतरवल्या. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ काढून गाद्यांच्या मध्ये झोपवलं. चष्म्याची काडी करकरते म्हणून चष्मा काढायला लावला, तर ती म्हणाली, "मग वाचू काय, तुमचं तोंड?" चष्मा परत दिला. पुन्हा वाचन. पुन्हा टक्! या वेळी मी स्टॉपवॉच दाबलेलं होतं. तीन मिनिटं वीस सेकंद. मग सहा मिनिटं चाळीस. मग बरोबर दहा मिनिटं.

माझ्या अंगावर काटा आला. अहो, पाल असती तर कधीही चुकचुकली असती. खिडकी असती तर वाऱ्यानं वाजली असती. दर तीन मिनिटं वीस सेकंदांनी, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही! इतका वेळेचा पक्का फक्त माणूस असतो, आणि तोही बदमाश!

मी हळूच छताकडं पाहिलं.

वर सत्यभामाबाई नगरारे राहतात. निवृत्त नर्स, एकट्या. स्वभावानं चांगल्या, पण सुपारी खातात. आणि सुपारी कशानं कातरतात? अडकित्त्यानं! आणि अडकित्ता कसा वाजतो? तुम्हीच सांगा! शिवाय सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यासुद्धा त्याच संस्थेला नमुना पाठवून राहिल्या होत्या. ही बातमी त्यांना आमच्याच कलावतीनं दिली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, सांगू नको! तर म्हणे, "काहून? त्यांचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे."

मी रिकामी वाटी घेतली आणि वर गेलो.

"वहिनी, जराशी साखर पाहिजे होती."

"या ना भाऊजी, बसा."

मी बसलो. एक हात वाटीवर, दुसरा खिशात, स्टॉपवॉचवर. सत्यभामाबाई खरंच सुपारी कातरत होत्या! मी मोजू लागलो. टक् दीड मिनिटाला झालं. मग लगेच दोनदा झालं. मग पाच मिनिटं काहीच नाही. फार हुशार बाई! मी समोर असल्यामुळं वेळ बदलून राहिली!

वीस मिनिटं झाली. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"भाऊजी, तुम्ही माझ्याकडं पाहून राहिले, की खिशातल्या घड्याळाकडं?"

"दोन्हीकडं," मी खरं ते सांगितलं.

हे उत्तर चुकलं! त्यांनी वाटीत साखर ओतली, माझ्या हातात दिली आणि दार लावता लावता जिन्यावरून ओरडल्या, "कलावतीताई! भाऊजींची तब्येत पाहा बरं जरा!"

कलावतीनं मला दारातच गाठलं. "काय करून आले?"

"तपास."

"साखरेचा डबा भरलेला आहे घरात!"

"साखर ही बतावणी होती."

"हे तर त्यांनाही समजलं असेल!" ती म्हणाली आणि वाटी हिसकावून आत गेली.

पण हार मानणाऱ्यातला मी नाही. गुरुवारी सकाळी मला सुचलं, वीज! कोणीतरी कुठलं तरी यंत्र लावलं असणार, पंप म्हणा, काही म्हणा, जे ठरल्या वेळानं चालू होते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो. सगळ्या बिल्डिंगची वीज बंद केली आणि टक् थांबलं, की चोर सापडला! मेन स्विच जिन्याखाली. चार घरं. पाच मिनिटांचा तर सवाल! कलावतीला म्हटलं, "तू वाच, मी आलोच." खाली गेलो आणि खटका ओढला.

धावत वर आलो. ईअरफोन घातला. तीन मिनिटं अठरा, एकोणीस, वीस. टक्!

म्हणजे चोर विजेवर चालत नव्हता! मी ही मोलाची माहिती लिहून घेत होतो, तेवढ्यात वरून किंकाळी आली. पाठोपाठ जिन्यावर पावलं. दारात सत्यभामाबाई, चष्मा कपाळावर, डोळ्यांत पाणी.

"समोर तर वीज आहे! मेन कोणी बंद केला?"

स्टॉपवॉच माझ्या हातात चालूच होतं.

"मी अठ्ठावीस मिनिटं वाचलं होतं, भाऊजी! अठ्ठावीस! दोन मिनिटं राहिली होती. माझा जुना कम्प्युटर, बॅटरी नाही, काही नाही. गेला बंद होऊन! वाचलेलं सगळं गेलं, आणि एकदा असा गेला की तो उघडतसुद्धा नाही!" त्यांचा श्वास चढला होता. "काल साखरेच्या नावावर पाहून गेले मी काय करते ते, आणि आज मेन काढला. मला कालच डाउट आला होता!"

आता मला सांगा, संशय घेणारा मी! एकतीस वर्षांत माझ्यावर कोणी संशय घेतला नव्हता. इतका विचित्र वाटला तो प्रकार! तोंडातून जे शब्द फुटले, ते नको फुटायला होते. मी म्हणालो, "पण तुमच्या अडकित्त्यामुळं..."

"माझ्या अडकित्त्यामुळं काय?"

कलावती उठली. तिनं माइकची वायर काढली, गुंडाळली, माइक खोक्यात ठेवला आणि वही त्याच्यावर ठेवली.

"मला नाही पाठवायचं," ती म्हणाली.

"अगं, उद्या बारापर्यंत वेळ आहे."

"सत्यभामाताईंचं बुडवून माझं पाठवू? माझ्या आईची गोष्ट अशी नाही वाचायची मला." आणि ती मटार घेऊन सोलायला बसली. एकेक दाणा ताटात टाकून राहिली, माझ्याकडं न पाहता.

लाज वाटली. खोटं कशाला बोलू, फार लाज वाटली. खाली जाऊन मेन लावला आणि घमापूरच्या लहानूला फोन केला.

लहानू म्हणजे लहानू साउंड सर्व्हिस. लग्न असो, जयंती असो, विहारातला कार्यक्रम असो, माइक लहानूचाच. संध्याकाळी तो स्कूटरवर आला. "जय भीम साहेब, काय लफडा आहे?" मी त्याला सगळा केस क्रमवार सांगितला, पाल, खिडकी, अडकित्ता, वीज. सत्यभामाबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या, आरोपी म्हणून की फिर्यादी म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

लहानूनं खोक्यातून माइक काढला, लावला, पडद्याकडं पाहिलं.

"हा ईअरफोन लॅपटॉपात कोणी घातला?"

"मी."

"आणि सोबत ऐकायचं हे कोणी चालू केलं?"

"मीच. देखरेखीसाठी."

"चलो, चोर सापडला!" लहानू म्हणाला.

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"देखो साहेब," तो मांडी घालून बसला. "माइकच्या पोटात एक घड्याळ असते. लॅपटॉपच्या पोटात दुसरं. आवाजाचे बारीक बारीक तुकडे होतात, सेकंदाला हजारोनं. माइक ते आपल्या घड्याळानं देते. पण तुम्ही ईअरफोन लॅपटॉपात घातला, तर ते तुकडे लॅपटॉपच्या घड्याळानं उचलायची पाळी आली. आता माइकचं घड्याळ इत्तंसं तेज. समजा, वहिनी पोळ्या लाटून राहिल्या आणि तुम्ही भाजून राहिले. वहिनी जराशा तेज. तर पोळ्या साचतील का नाही?"

"साचतील."

"साचता साचता पाटावर जागा संपली, की काय होईल?"

"एक खाली पडेल," कलावती म्हणाली.

"तेच टक्! तुकडे फेकून दिले, आवाज तुटला, म्हणून टक्."

"पण दर तीन मिनिटं वीस सेकंदांनीच काहून?" मी सोडणार नव्हतो.

"दोघांतला फरक जितका होता तितकाच आहे ना साहेब. तर पोळी पण ठरल्या वेळेलाच पडेल!"

मी विचार केला. मग कळीचा प्रश्न टाकला. "बरं, दोघांतलं खरं घड्याळ कोणतं?"

"कोणतंच नाही. कोण्या एकाचं मानायचं, बस."

हे वाक्य जर माझ्या टाइम ऑफिसात कोणी उच्चारलं असतं, तर मी त्याला चार्जशीट दिली असती! पण लहानूनं ईअरफोन लॅपटॉपातून उपटला आणि माइकच्याच बुडाशी एक भोक होतं, त्यात खोचला. "आता देणंही माइकच्या घड्याळानं आणि ऐकणंही माइकच्याच घड्याळानं. लॅपटॉपनं मुकाट्यानं त्याच्या मागं चालायचं." मग ईअरफोन माझ्या कानाकडं येण्याआधीच त्यानं कलावतीला दिला. "आणि साहेबांना उद्या काही हात लावू देऊ नका."

पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐकलं. टक् नाही! कलावती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मी सत्यभामाबाईंकडं वळलो, हात जोडले.

"वहिनी, चुकलो. अडकित्त्यावर खोटा आळ घेतला. उद्या तुमचं वाचनही याच माइकवर करा. आधी तुमचं, मग कलावतीचं."

"आधी कलावतीताईंचं," त्या म्हणाल्या. "मला वाचता वाचता खोकला येते, मला वेळ लागते." मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "आणि साखर परत आणून द्या."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला कलावती बसली. मला पलंगासमोरच्या कापडी पडद्यामागं, पलंगाच्या काठावर जागा मिळाली. अट एकच, आवाज करायचा नाही. मी म्हटलं, एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी आवाज केला नाही! स्टॉपवॉच तेवढं हातात होतं. ईअरफोन कलावतीच्या कानात; टक् झालं तर ती थांबणार. लहानूवर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण पाच मिनिटांची टेस्ट ही काय टेस्ट झाली? पक्का बदमाश पाच मिनिटं शांत राहूच शकतो!

कलावती काय वाचत होती म्हणता! भागीरथाबाई पेटी घेऊन स्टेशनाबाहेर उभ्या आहेत, कोणाची बोली कळत नाही, आणि कोणी विचारलं कुठं जायचं तर आपल्याच गावाचं नाव घेऊन राहिल्या. माझे डोळे भरून आले. पण डोळे भरले तरी नजर काट्यावर. तीन मिनिटं अठरा, एकोणीस... जीव कसा मुठीत! टक् नाही. सहा चाळीसला नाही. दहाला नाही. शेवटपर्यंत नाही! प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता होणार, आणि प्रत्येक वेळी काहीच व्हायचं नाही. खरं सांगतो, थोडी निराशाच झाली.

मग सत्यभामाबाई बसल्या. दोनदा खोकला आला, दोनदा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी पूर्ण झालं तेव्हा अकरा चाळीस झाले होते. मीही तिन्ही वेळा पडद्यामागं हजर. ऐकून बघायला वेळ कोणाला? दोन्ही वाचनं एकापाठोपाठ पाठवली. दुसरं पोचलं तेव्हा अकरा सत्तावन्न!

सोमवारी नागपूरहून फोन आला. कलावतीनं स्पीकरवर टाकला. सत्यभामाबाईंना खाली बोलावलं.

"नमस्कार, मी विनता बोलते आहे," पलीकडून आवाज आला. "तुम्हा दोघींचे नमुने आम्ही ऐकले. वाचन दोन्हीही सुंदर आहे. पण समितीला एक शंका आहे."

दोघी एकमेकींकडं पाहू लागल्या.

"तुमच्या दोघींच्याही रेकॉर्डिंगमध्ये एक पुरुष आहे."

"माझ्या?" सत्यभामाबाई किंचाळल्या. "अहो, मी एकटी राहते!"

"दर तीन मिनिटं वीस सेकंदांनी तो हळूच म्हणतो, 'आता!' मग जरा थांबतो. मग म्हणतो, 'अरे?' दोन्हीकडं तोच आवाज, तीच वेळ. समितीला असा संशय आहे, की एकाच घरातून एकाच बाईनं आवाज बदलून दोन नावांनी नमुने पाठवले. तसं असेल तर दोन्ही बाद करावे लागतील."

दोघींनी माना वळवल्या. माझ्याकडं! शपथेवर सांगतो, मला वाटलं होतं मी ते मनात म्हणून राहिलो! आणि ईअरफोनमध्ये दोघींना आपापल्याच आवाजापुढं माझी कुजबुज ऐकू आली नव्हती. कलावतीचा चेहरा उतरला होता. तिची वही समोरच होती आणि तिचा हात त्या वहीवर होता. पळून जायची सोय नव्हती.

"मॅडम," मी फोनजवळ गेलो, "तो पुरुष मी. देवीदास गजभिये, कलावतीचा नवरा. सत्यभामाबाई वर राहतात, माइक एकच, बाया दोन आहेत, अगदी खऱ्या! चूक सगळी माझी."

"काका, एकदा म्हणून दाखवता का?"

"काय?"

"आता."

सगळी बिल्डिंग ऐकून राहिली होती. मी घसा साफ केला. "आता."

"नाही हो, हा तर साध्या माणसाचा आवाज आहे. त्याच्या आवाजात फार संशय होता."

मी डोळे मिटले, ते टक् आठवलं आणि कुजबुजलो, "आता!... अरे?"

पलीकडं चार-पाच जण एकदम हसले. समितीच बसली होती तिथं! "हाच, हाच!" विनताबाई म्हणाल्या. "ठीक आहे, दोघीही पास! काकांना आम्ही कापून टाकू." मग म्हणाल्या, "आणि कलावतीताई, ते 'करून राहिली', 'काहून', ते बदलू नका हं. आमचे कितीतरी ऐकणारे असंच बोलतात. त्यांच्या घरातलं कोणी वाचतंय असं त्यांना वाटेल."

कलावती 'हो' म्हणाली. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि पदरानं डोळे पुसले. सत्यभामाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मलाही ठेवावासा वाटला, पण माझी तेवढी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलं पुस्तक आलं. दोघी मिळून वाचणार, एक धडा हिचा, एक तिचा. मी शिस्तीत पडद्यामागं जाऊन बसलो. पाच मिनिटांत पडदा सरकला. कलावतीनं माझ्या हातातलं स्टॉपवॉच काढून घेतलं आणि कमरेला खोचलं.

"बाहेर जा."

"जातो ना. पण कधी?"

"आता!" दोघी म्हणाल्या. इतक्या एकदम, की त्या दोघींत एका सेकंदाचाही फरक नव्हता. निदान मला तरी तसं वाटलं. मोजणार कशानं?